साडेनऊची शिट्टी

या, जवळ येऊन बसा. दारात उभं राहून बोलू नका, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. आणि आत्ता काय म्हणालात? "लोकांना शिस्तच नाही, काकू." हे वाक्य माझ्या घरात म्हणायचं नाही. चहा देईन, वर दोन पापड भाजून देईन, पण हे वाक्य चालवून घेणार नाही. मी स्वतः ते महिनाभर म्हणत होते. चार बिल्डिंगांच्या जिन्यांत, ओरडून ओरडून. घसा बसला, तरी म्हणत होते. मग काय झालं ते नीट ऐका.

तर सोमवार होता, आणि गास गावच्या पास्कूभाऊनं आमचा टेम्पो परत पाठवला.

पास्कूभाऊ म्हणजे शेतकरी. केळी, भाजी आणि थोडी फुलझाडं. माझ्या माहेरची वाडी त्याच्या वाडीला लागून होती, म्हणून तो मला अजून नावानं हाक मारतो. आमचा ओला कचरा त्याच्याकडे जायचा. त्याच्या वाडीच्या मागच्या बाजूला आम्ही चार मोठे खड्डे घेतले होते, त्यात खत व्हायचं, आणि ते खत त्याच्याच झाडांना जायचं. म्हणजे त्यानं नाही म्हटलं की आमचा कचरा जाणार कुठे? कुठेच नाही. दुसरी जागा नव्हती.

त्या दिवशी त्यानं फाटकातच ताडपत्री पसरली आणि टेम्पोवाल्या यादवला दोन ड्रम त्यावर ओतायला लावले. मग दाताळ्यानं ओढून पाहिलं. एक पिशवी निघाली. दुसरी निघाली. मग पिशव्याच पिशव्या. काळ्या, पांढऱ्या, दुधाच्या, मेडिकलच्या. सगळ्या घट्ट बांधलेल्या.

"शकू, हे काय आनलंस गो?"

"ओला कचरा."

"ओला कुठाय? मला तर दुकान दिसतंय पिशव्यांचं."

"काढून घेतो ना आम्ही. आत्ता काढतो."

"आज काढशील. उद्या कोन काढणार? माझ्या केळीच्या बुडातून पुढची दहा वर्षं मी प्लास्टिक उपटत बसू काय?" त्यानं दाताळं भिंतीला लावलं. "हे ने परत. तुझं तोंड बघून सांगतो, तीनदा बघेन. तिसऱ्यांदा असंच आलं तर फाटक बंद. मग माहेरची म्हनून पन येऊ नकोस."

टेम्पो फिरवताना यादव म्हणाला, "काकी, एक गया, दो बचे." मला एवढा राग आला! मोजायला कोणी सांगितलं होतं त्याला?

आता तुम्हाला आमचं काम काय ते सांगते. मी काही शिकलेली नाही, सातवीपर्यंत शाळा. वीस-बावीस वर्षं मी जेवणाचे डबे केले. रोज ढीगभर सालं, देठं, चोथा. ते टाकवत नव्हतं. म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून गच्चीवर खत करायला लागले. पहिले तीन डबे सडले. शेजारीण भांडायला आली. चौथ्याला जमलं. तेवढ्यावर एका संस्थेचे लोक मला शोधत आले. त्यांना तुळिंजच्या चार बिल्डिंगांमध्ये घरोघरचा ओला कचरा वेगळा गोळा करायची ट्रायल करायची होती. दोन महिन्यांची ट्रायल, जमली तर पुढे आणखी बिल्डिंगा. मला सुपरवायझर केलं. हाताखाली आठ बायका, आमच्याच बचत गटातल्या.

पद्धत साधी. प्रत्येक घराला झाकणाची हिरवी बादली. उरलंसुरलं अन्न, सालं, हाडं, काटे, चहाचा चोथा, सगळं त्यात. रोज सकाळी साडेनऊला आमची बाई जिन्यात शिट्टी वाजवणार, प्रत्येक मजल्यावर ड्रम ठेवणार. घरातल्या माणसानं आपली बादली आणून त्यात रिकामी करायची, धुवायची, परत आत न्यायची. रविवारी सुट्टी. बस्स.

आणि एकच नियम. पिशवी नको. का नको? खताला हवा लागते. ओल्यावर सुकं, सुक्यावर ओलं असे थर देतात, ते हवा खेळावी म्हणून. पिशवीत बांधलं की आतलं कुजत नाही, नासतं. काय वास येतो म्हणून सांगू! आणि आपण समजतो खत झालं, तर तीन महिन्यांनी खड्ड्यात जशीच्या तशी पिशवी, आत काळं पाणी.

हे सगळं मी प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं. प्रत्येक घरानं मान हलवली होती. "हो काकू, बरोबर आहे काकू, पर्यावरणासाठी एवढं करायलाच हवं काकू." आणि मग पिशवी.

टेम्पो परत आला तेव्हा सरिता गेटवर उभी होती. सरिता माझ्या आठ जणींतली सगळ्यात चलाख. ती आधी वालीवला होती, एका कारखान्यात डब्यांची झाकणं पॅक करायच्या कामावर. बसून बसून पाठ गेली होती, पण नोकरी पक्की होती. मी तिला म्हटलं, सोड ती, इथे ये, हे काम वाढणार आहे, माझा शब्द. तिनं सोडली. माझ्या शब्दावर. तिनं भरलेले ड्रम बघितले. नुसतं विचारलं, "काकू, हे बंद पडेल का हो?"

"काय बंद पडतंय! लोकांना शिस्त लावायची, एवढंच."

आणि मी शिस्त लावायला निघाले.

आधी संस्थेच्या निखिल सरांना फोन केला. निखिल सर म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर. वयानं माझ्या धाकट्याएवढे. हुशार, गोड बोलणारे, आणि प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध.

"काकू, अवेअरनेस कमी पडतोय. आपण पोस्टर लावू."

पोस्टर लागले. प्रत्येक मजल्यावर. हिरवं झाड, हसणारी पृथ्वी, खाली मोबाइलनं स्कॅन करायचा चौकोन. दोन दिवसांत त्या पृथ्वीवर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली.

मग मीटिंग घेतली. खाली सोसायटीच्या ऑफिसात, पंखा बंद. बारा बायका आणि दोन पेन्शनर आले. मी खताचा डबा नेला होता, वास घ्या म्हटलं, पावसातल्या मातीसारखा येतो. सगळ्यांनी घेतला. "अय्या, खरंच!" मग त्या दोन पेन्शनरांनी पार्किंगचा विषय काढला आणि मीटिंग संपली.

मग मी नियम कडक केला. पिशवी दिसली तर घ्यायचीच नाही, परत द्यायची. दोन दिवस घेतल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी गुरव साहेब मला हाताला धरून मीटर रूमच्या मागे घेऊन गेले. सगळ्या न घेतलेल्या पिशव्या तिथे, आणि त्यावर पाच मांजरं.

"हे तुमचं स्वच्छता अभियान का, काकू?"

त्याच दिवशी मी नियम मागे घेतला.

आणि चीड कशाची येत होती सांगू? लोक रोज चुकत असते तर परवडलं असतं. तसं नव्हतं. मंगळवारी बघावं तर स्वच्छ. बुधवारी स्वच्छ. मला वाटायचं, आली गाडी रुळावर. आणि गुरुवारी परत पिशव्या! जणू मला चिडवायला. मी सरितेला म्हटलं, "ही माणसं मुद्दाम करतात." ती म्हणाली, "मुद्दाम कोण कशाला करेल काकू, कचऱ्यात कोणाला एवढा रस आहे?"

मधले दिवस जमेल तेवढ्या पिशव्या फोडून माल पाठवत होतो, तरी दुसऱ्यांदा टेम्पो परत आलाच, तो शनिवारी. या वेळी मी बरोबर गेले होते. पास्कूभाऊनं ओरडाआरडा केला नाही, ते जास्त लागलं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला, मला पाणी दिलं आणि म्हणाला, "शकू, तू माल दोन ठिकानांहून आनतेस काय?"

"नाही. त्याच चार बिल्डिंगा."

"मग दोन वेगळ्या बाया गोळा करतात?"

"नाही रे. त्याच आठ जणी."

"मग मला कळत नाय. मंगळवार, बुधवार, शुक्रवारचा माल सोन्यासारखा. एक पिशवी नाय. सोमवार, गुरुवार, शनिवार बघ, घान. पहिल्या दिवसापासून असंच चाललंय. मी खड्डा भरतो, मला वार पाठ आहेत."

मी बोटांवर मोजलं. खरंच होतं ते. महिनाभर माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला पिशव्या दिसत होत्या, वार दिसले नव्हते. दोघांनी मिळून डोकं चालवलं. तो ख्रिस्ती माणूस, त्याला आमच्या वारांचं काय! तो म्हणाला, बाजाराचे वार असतील. मी म्हटलं, पाण्याचे असतील, पाणी नाही त्या दिवशी बादली धुवायला नको म्हणून पिशवी. पण पाणी चारही बिल्डिंगांना वेगवेगळ्या दिवशी. तेही जुळेना.

"मला कारन नको," पास्कूभाऊ म्हणाला. "मला माल हवा. पुढच्या-पुढच्या सोमवारी आन. आनि न चाळता आन, हां. मधले दिवस तू पिशव्या फोडून आनशील, मी घेईन. पन त्या सोमवारी जसा येतो तसा बघनार. तो तिसरा."

घरी येताना गेटवर सरितेनं सांगितलं की वालीवचा तिचा जुना मुकादम फोन करत होता. जागा अजून भरलेली नव्हती. त्यालाही त्याच सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही हवं होतं. मला जा असं म्हणवत नव्हतं, आणि राहा म्हणायला तोंड नव्हतं.

दोनच दिवसांनी आलेल्या सोमवारी मी ठरवलं, आज बोलायचं नाही. आज नुसतं बघायचं. सरितेला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले, ड्रमशेजारी स्टूल टाकून बसले. साडेनऊला शिट्टी वाजली.

पहिलं दार सावंत आजींचं. मूळच्या मालवणकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. नुकती अंघोळ झालेली, ओले केस पंच्यात गुंडाळलेले, कपाळाला अष्टगंध. दाराबाहेर ताजी रांगोळी. आजींनी डाव्या हातानं पदर सावरला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत एक पांढरी पिशवी अगदी टोकाला धरून आणली. मेलेला उंदीर धरतात तशी. अंगापासून हातभर लांब. ड्रममध्ये टाकली आणि लगेच आत जाऊन नळाखाली हात धरले. नळाचा आवाज मला बाहेर आला.

परत आल्या तर मी विचारलं, "आजी, बादली कुठाय?"

"आत आहे. स्वच्छ."

"मग हे पिशवीत का?"

"अगो, काल रविवार ना? बांगडे होते. काटे आहेत त्यात."

"काटे चालतात आम्हाला. बादलीतच टाका ना सरळ."

आजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू त्यांना देव्हाऱ्यात मासे ठेवायला सांगितले.

"आज सोमवार आहे. माझी अंघोळ झाली, पूजा झाली. आता मी ती खरकटी बादली उचलू? धुवू? त्याच हातानं शंकराला बेल वाहिला मी!"

"सूनबाई नाही का?"

"ती पावणेसातला जाते कामावर. रोज. बिचारी जाताना पिशवीत बांधून ठेवते माझ्यासाठी. म्हणजे मला शिवायला लागत नाही, वरच्या टोकाला धरून उचलता येतं. गुणाची आहे हो."

"मग जातानाच बादली दाराबाहेर ठेवून जाऊ दे."

"पावणेतीन तास? समोर जैनांचं दार आहे. त्यांनी सकाळी दार उघडलं की समोर बांगड्यांची बादली? आणि माझ्या रांगोळीत मांजरं बसतील ते वेगळंच. तू पण बाई काहीतरीच सांगतेस. तुझ्या घरी काय करता सोमवारी?"

सरिता माझ्याकडे बघायला लागली.

माझ्या घरी काय करतो? सांगते. माझ्या घरी रविवार, बुधवार, शुक्रवार मासळी असते. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतो. आणि रात्रीचं खरकटं, काटे, सगळं मी पहाटे उठल्या उठल्या, अंघोळीच्या आधी गच्चीवरच्या डब्यात पुरते, डबा धुते, मग न्हाणीत शिरते. माझी आई माहेरी असंच केळीच्या बुडात पुरायची. मला हे कोणी शिकवलेलं नाही. सवयच ती. केर आधी, मग अंघोळ, मग देव. कुठल्याही मराठी घरात हाच क्रम असतो.

आणि मी लोकांना साडेनऊला बादली उचलायला सांगत होते! अंघोळ, पूजा सगळं आटपल्यावर!

तुम्हाला वाटेल साहेब लोकांनी चुकीचं टायमिंग लावलं. नाही हो. ते टायमिंग मी दिलं होतं. मी. पहिल्या मीटिंगमध्ये निखिल सरांनी विचारलं होतं, काकू, बायकांना कुठली वेळ सोयीची? आणि मी मोठ्या रुबाबात म्हटलं होतं, साडेनऊ, तोवर सगळ्या बायका मोकळ्या होतात. माझ्या डोक्यात डबे करण्याच्या दिवसांतल्या बायका होत्या. आता साडेनऊला घरात असते ती सासू, आणि तिची अंघोळ झालेली असते. कपाळावर हात मारून घेतला मी. नुसता मारून काय उपयोग?

त्या दिवशीचा माल आम्ही हातानं फोडून पाठवला. हातमोजे घालूनही सरितेच्या अंगठ्यात बांगड्याचा काटा शिरला. पिशवीत काय आहे दिसत नाही ना, असंच होतं. तिनं काटा काढला, अंगठा दाबून धरला आणि म्हणाली, "आधी वेळ बदला, काकू. पोस्टर नंतर."

दुपारी निखिल सरांना फोन.

"सर, टायमिंग बदलायचं. सकाळी सहा ते सात."

"काकू, असं एका आजींवरून ठरवता येत नाही. डेटा काय सांगतो?"

"डेटा अंघोळ करून बसलाय, सर. तो कचऱ्याला हात लावणार नाही."

ते हसले, पण ऐकेनात. त्यांना फॉर्म भरून घ्यायचे होते. मी म्हटलं, तुम्ही फॉर्म छापेपर्यंत पास्कूभाऊ फाटक बंद करेल. शेवटी म्हणाले, "ओके, त्या सोमवारपर्यंत तुमच्या पद्धतीनं करा. रिस्क तुमची."

रिस्क माझी नव्हती, सरितेची होती. पण ते फोनवर काय सांगणार?

मग यादव. "काकी, छह बजे तो मेरा वालीव का फेरा रहता है. नौ के पहले गाडी नहीं मिलेगी." बरोबर होतं त्याचं. सकाळी तो एका कारखान्याचा माल टाकायचा. म्हणजे कचरा सहाला गोळा, आणि टेम्पो नऊला. मधले तीन तास भरलेले ड्रम कुठे ठेवायचे?

"माझ्या बिल्डिंगखाली नाही," गुरव साहेब म्हणाले. "मांजरांचं अजून संपलेलं नाही."

मग बायका. त्यांना सांगितलं तर त्यांची वेगळीच गोष्ट. एक जण म्हणाली, "लोकांच्या अंघोळीआधी म्हणता, मग आमची अंघोळ कधी हो काकू? आम्हाला वार नाहीत का?" हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या देवाची सोय बघताना यांच्या देवाला विसरले होते. त्यावर सरिताच बोलली. "साडेसातला सुटू. घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करू, निवांत पूजा करू. आत्ता साडेअकराला घरी जातो तेव्हा कुठे देव दिसतो? आणि पोराला शाळेत मी सोडेन, शेजारीण नको." दोघी कुरकुरल्या. बाकीच्यांना पटलं. ड्रम टेम्पोत चढवायला रोज एकीनं थांबायचं, पाळीपाळीनं, असं ठरलं.

ड्रमचा प्रश्न पास्कूभाऊनं सोडवला. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं, वार, अंघोळ, सासू, सून. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे तुमचे देव माझ्या खड्ड्यात येऊन बसले होते काय? आधी सांगायचं ना! आमच्यात पन गुड फ्रायडेला कोन मटन शिजवत नाय." आणि त्यानं यादवच्या रिकाम्या टेम्पोतून केळीची सुकी पानं पाठवली, कापून, गोणीत भरून. प्रत्येक घराची बादली रिकामी झाली की ड्रममध्ये वर मूठभर पानं टाकायची. वास दबतो, माशा बसत नाहीत, आणि आत काय आहे ते दिसतही नाही. खतालाही सुकं लागतंच.

गुरव साहेबांना मी पंपाच्या खोलीशेजारी पानं टाकलेला भरलेला ड्रम ठेवून दाखवला. त्यांनी नाक पुढे केलं. मागे घेतलं. परत पुढे केलं.

"सोमवारपर्यंत," ते म्हणाले.

सगळे सोमवारचंच बोलत होते.

मंगळवारी, बुधवारी संध्याकाळी आम्ही घरोघर गेलो. या वेळी पर्यावरण नाही, पृथ्वी नाही. एकच वाक्य. "गुरुवारपासून शिट्टी सहाला. अंघोळीच्या आधी बादली मोकळी करा." एवढंच म्हटलं की सासवा हसायला लागायच्या. एक जण म्हणाली, "इतके दिवस काय झोपला होतात?" सावंत आजींच्या सुनेनं दारातच माझे हात धरले. "काकू, मी पिशव्या शोधून शोधून दमले होते हो. मेडिकलवाला मला बघितलं की आता पिशवी आधी पुढे करतो."

गुरुवारी सहाला शिट्टी वाजली. अर्धवट झोपेतले लोक, विस्कटलेले केस, गाऊन, लुंगी, तोंडात ब्रश.  बादल्या मात्र धडाधड रिकाम्या होत होत्या. त्या दिवशी नऊ पिशव्या निघाल्या. शनिवारी सहा. तळमजल्यावर एक बँकवाले गृहस्थ, सव्वासातला उठणारे. ते म्हणाले, "मी कोणताच वार पाळत नाही. मला सहाला का उठवता?" त्यांच्यापुढे मात्र मी हात टेकले. त्यांच्या बादलीसाठी सरिता साडेसातला परत बेल वाजवायची. चिडूनच वाजवायची.

आणि मग तो सोमवार. रविवारची मासळी, मटण, सगळं त्यात. माल न चाळता भरला. यादवनं ड्रम चढवले. सरिता आणि मी मागे, ड्रमच्या कडांना धरून गासपर्यंत. वाटेत ती एका हातात मोबाइल धरून बसली होती.

पास्कूभाऊनं ताडपत्री आधीच पसरली होती. यादवनं एकेक ड्रम उलटा केला. पास्कूभाऊ दाताळं घेऊन पुढे आला आणि सावकाश, अगदी सावकाश, ढीग पसरवायला लागला. घाई कसली त्याला! पानं, साल, भात, काटे, हाडं. एक पिशवी. बाजूला टाकली. परत ओढलं. बराच वेळ काही नाही. मग दुसरी. मग अगदी तळाशी तिसरी, निळी. ती दाताळ्याच्या टोकावर धरून त्यानं वर उचलली आणि आमच्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "तीन."

"मला मोजता येतं."

त्यानं निळी पिशवी फोडली. आत साबुदाण्याची खिचडी. नासलेली. कोणाच्या तरी शनिवारच्या उपासाची उरलेली असावी.

"माझ्या पोराच्या लग्नाच्या मांडवातून यापेक्षा जास्त निघाल्या होत्या," पास्कूभाऊ म्हणाला. मग यादवकडे वळून ओरडला, "बघतोस काय? खड्ड्याकडे ने!"

सरितेचा मोबाइल वाजायला लागला. वालीवचा मुकादम. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मोबाइल कठड्यावर ठेवला आणि फावडं उचललं. मी म्हटलं, अगं, घे की फोन. ती म्हणाली, "काकू, हात खरकटे आहेत. वाजू दे." वाजून वाजून बंद झाला.

ट्रायल पुढे चालू राहिली. आता चारच्या अकरा बिल्डिंगा झाल्यात आणि सरिता त्यातल्या सातांची सुपरवायझर आहे. सगळं गोड झालं असं समजू नका. अजून पिशव्या येतात, चातुर्मासात जास्त, तेव्हा काही आजी पहाटेच अंघोळ उरकतात. नव्या बिल्डिंगांत परत तेच नवे सेक्रेटरी, तीच नाकं. आणि निखिल सरांच्या रिपोर्टात काय लिहून आलं माहीत आहे? "पोस्टर आणि जनजागृतीमुळे नागरिकांच्या सवयींत बदल." मी वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. अंघोळीचा अ सुद्धा नाही त्यात. मी म्हटलं, सर, निदान आजींचं नाव घाला. ते म्हणाले, काकू, तसा कॉलम नाहीये.

म्हणून सांगते. उद्या तुम्ही कुठलीही योजना काढा, कचऱ्याची काढा नाहीतर आणखी कशाची. पोस्टर छापण्याआधी एक चौकशी करा. ते काम करायच्या वेळी घरात कोण असतं, आणि त्याची अंघोळ झालेली असते का. बाकी तुमच्या फॉर्ममध्ये काय विचारायचं ते विचारा.

चहा निवला बघा, बोलण्याच्या नादात. दुसरा टाकते. आणि असं उभ्या उभ्या भेटून जाऊ नका, परत या, लवकर या. दहानंतर या म्हणजे मी घरी असते, तुम्हाला गासला घेऊन जाईन. पास्कूभाऊची केळी आत्ता घडाला आली आहेत. यायचं म्हणता आणि महिने लावता, तेवढं करू नका. या हं.